ब्ल्यू स्टार कारवाई
अमृतसर येथील सुवर्णमंदिराच्या परिसरात ठाण मांडून बसलेल्या सशस्त्र अतिरेक्यांविरुद्ध भारतीय सैन्याने जून १९८४ मध्ये केलेली कारवाई. ‘ऑपरेशन ब्ल्यू स्टार’ हे तिचे सांकेतिक नाव. सैनिकी उद्दिष्ट चार-पाच दिवसांत साध्य झाले. तथापि तिने निर्माण केलेले राजकीय व धार्मिक प्रश्न पुढे दशकभर धुमसत राहिले.

पंजाबला अधिक स्वायत्तता, चंडीगढ आणि नदीपाण्याचा वाटा या मागण्यांसाठी अकाली दलाने ऑगस्ट १९८२ मध्ये धर्मयुद्ध मोर्चा सुरू केला. दमदमी टकसाळ या धार्मिक संस्थेचे प्रमुख जर्नेलसिंग भिंद्रनवाले त्यात सामील झाले आणि आंदोलनाची सूत्रे हळूहळू नेमस्तांच्या हातून निसटली. एप्रिल १९८३ मध्ये पोलीस उपमहानिरीक्षक अटवाल यांची मंदिराच्या दाराशीच हत्या झाली. ऑक्टोबरमध्ये बसमधील हिंदू प्रवाशांना वेगळे काढून ठार मारण्यात आले, तेव्हा राज्यात राष्ट्रपती राजवट आली. डिसेंबर १९८३ मध्ये भिंद्रनवाले यांनी अकाल तख्तात मुक्काम हलविला. १९७१ च्या युद्धापूर्वी मुक्तिवाहिनीला प्रशिक्षण देणारे निवृत्त मेजर जनरल शाबेगसिंग यांनी तेथे तळघरे, खिडक्या व भिंतींतील छिद्रे यांचा उपयोग करून मोर्चेबंदी उभारली.

अकाल तख्ताचे महत्त्व ध्यानी घेतल्यावाचून पुढील घटनांचा अर्थ लागत नाही. हरमंदिर ही उपासनेची वास्तू. तिच्या समोरचे तख्त, गुरू हरगोविंद यांनी १६०६ मध्ये स्थापिलेले, हे शीख पंथाच्या ऐहिक सत्तेचे आसन. नांदेडच्या हुजूरसाहिबसह पंथाच्या पाच तख्तांत त्यास अग्रस्थान आहे. १७६२ मध्ये अहमदशहा अब्दालीने हरमंदिर सुरुंगाने उडविले होते, ही आठवण शिखांत जिवंत आहे. अशा स्थानी स्वदेशाच्याच सैन्याचे रणगाडे शिरले.

कारवाईची जबाबदारी पश्चिम विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल सुंदरजी यांच्याकडे होती. प्रत्यक्ष नेतृत्व मेजर जनरल कुलदीपसिंग ब्रार यांनी केले, तेही शीखच. ३ जून हा गुरू अर्जुनदेव यांचा शहीददिन असल्याने परिसरात यात्रेकरूंची गर्दी होती. त्याच दिवशी संचारबंदी जारी झाल्याने त्यांपैकी पुष्कळजण आत अडकले. ५ जूनच्या रात्री मुख्य हल्ला सुरू झाला. हरमंदिरावर गोळीबार न करण्याचा आदेश असल्याने सैनिकांना परिक्रमेच्या उघड्या संगमरवरी फरशीवरून मारा सोसत पुढे सरकावे लागले. एक चिलखती गाडी निकामी झाल्यावर ६ जूनच्या पहाटे रणगाड्यांच्या तोफांनी अकाल तख्तावर मारा करण्यात आला आणि वास्तूचा बराच भाग कोसळला. भिंद्रनवाले व शाबेगसिंग मारले गेले. लोंगोवाल व तोहरा या नेत्यांना सैन्याने सुखरूप बाहेर काढले. दुर्मिळ हस्तलिखिते असलेले शीख संदर्भ ग्रंथालयही या दिवसांत आगीत सापडले.

सरकारी श्वेतपत्रिकेनुसार सैन्याचे ८३ जण ठार व २४९ जखमी झाले, तर ‘अतिरेकी व नागरिक’ मिळून ४९३ मृत्युमुखी पडले. अन्य अंदाज याहून पुष्कळ मोठे आहेत. यात्रेकरू किती आणि लढणारे किती, ही विभागणी श्वेतपत्रिकेने केली नाही. शीख समाजाच्या मनातील शल्य मुख्यतः तेथेच रुतले.

परिणाम तात्काळ दिसले. काही शीख पलटणींत बंड होऊन रामगढ येथील शीख रेजिमेंट केंद्राचे प्रमुख ठार झाले. भिंद्रनवाल्यांचे कडवे टीकाकार असलेल्या खुशवंतसिंगांनी पद्मभूषण परत केले. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींची त्यांच्याच दोन शीख अंगरक्षकांनी हत्या केली. त्यानंतरच्या शीखविरोधी हत्याकांडात सरकारी आकड्यानुसार एकट्या दिल्लीत २,७३३ जण मारले गेले. त्यांतील गुन्हेगारांना शिक्षा होण्यास दशके लागली. माजी खासदार सज्जनकुमार यांना जन्मठेप झाली ती २०१८ मध्ये. जुलै १९८५ च्या राजीव–लोंगोवाल कराराची शाई वाळते न वाळते तोच लोंगोवालांची हत्या झाली. कारवाईच्या वेळचे लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य १९८६ च्या प्रारंभी निवृत्त होऊन पुण्यात राहू लागले होते. त्याच वर्षी १० ऑगस्टला ते तेथे मारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडले. दोघा दोषींना १९९२ मध्ये येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली.

सरकारने निहंग प्रमुख संतासिंग यांच्याकरवी अकाल तख्ताची डागडुजी घाईने करविली. ती पंथाने मानली नाही. ते बांधकाम पाडून कारसेवेने नवे तख्त उभारण्यात आले. मे १९८८ मध्ये मंदिरात पुन्हा अतिरेकी शिरले असता पोलीस व राष्ट्रीय सुरक्षा रक्षक यांनी वेढा घालून, पाणी व वीज तोडून, वृत्तपत्रप्रतिनिधींच्या डोळ्यांदेखत त्यांना शरण आणविले. त्या ‘ब्लॅक थंडर’ कारवाईत रणगाड्यांची गरज भासली नाही. १९८४ मध्ये हाच मार्ग शक्य होता काय, याविषयी सेनाधिकारी व इतिहासकार यांत मतभेद आहेत. शाबेगसिंगांसारखा सेनानी व त्यांची भक्कम मोर्चेबंदी १९८८ मध्ये नव्हती, हे खरे. मात्र वेढ्याला लागणारा वेळ १९८४ मध्ये कोणी देऊ केला नाही, हेही तितकेच खरे.