प्रतिवादी : ल्युसाइटचा एक गोळा

मार्च २००३ मध्ये फ्लोरिडाच्या दक्षिण जिल्ह्यातील संघीय न्यायालयाने एका दाव्याचा निकाल दिला. वादी होती अमेरिकेची संयुक्त संस्थाने. प्रतिवादीच्या रकान्यात माणसाचे नाव नव्हते. तिथे लिहिले होते : चांद्रद्रव्य असलेला ल्युसाइटचा एक गोळा (एक चांद्रशिला) आणि दहा इंच बाय चौदा इंचांचा एक लाकडी फलक. अमेरिकी कायद्यात जप्तीचा दावा थेट वस्तूवर लावता येतो. ज्याला त्या वस्तूवर हक्क सांगायचा असेल त्याने हजर राहून तो शाबीत करायचा. ल्युसाइट म्हणजे पारदर्शक अॅक्रिलिक. त्यात अडकवलेल्या दगडाच्या तुकड्याचे वजन होते १.१४२ ग्रॅम.

न्यायमूर्ती अदाल्बेर्तो होर्दान यांचे हे निकालपत्र भेट दिलेल्या चांद्रशिलांच्या इतिहासातील सर्वांत उपयोगी कागद आहे, असे मला वाटते. समारंभांची छायाचित्रे पुष्कळ आहेत, भाषणेही आहेत. पण भेट स्वीकारल्यानंतर त्या वस्तूचे काय झाले, हे सहसा कुणी लिहून ठेवत नाही. इथे मालकीचा वाद उभा राहिला म्हणून ते लिहावे लागले.

गोष्टीचा आरंभ मात्र चंद्रावरच होतो, आणि त्याचाही लेखी पुरावा आहे. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या तिसऱ्या आणि शेवटच्या चांद्रफेरीच्या अखेरीस यूजीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट यांनी हातातले काम थांबवून पृथ्वीशी संवाद साधला. ह्यूस्टनमध्ये त्या वेळी अनेक देशांतून आलेली मुले जमली होती. त्यांना उद्देशून सर्नन बोलला. श्मिटने उचललेला एक दगड दाखवून तो म्हणाला, त्याचा आशय असा : हा दगड नाना आकारांच्या, नाना रूपांच्या तुकड्यांचा बनलेला आहे, बहुधा चंद्राच्या सगळ्या भागांतून आलेल्या तुकड्यांचा, आणि ते एकत्र येऊन शांततेने नांदत आहेत. या दगडाचे किंवा याच्यासारख्याचे तुकडे जगभरातल्या देशांना द्यावेत, अशी इच्छाही त्याने बोलून दाखवली. संभाषणाची शब्दशः प्रत आजही वाचता येते.

प्रयोगशाळेची नोंद वेगळे सांगते. हा दगड ७००१७ या क्रमांकाने नोंदला गेला. वजन २,९५७ ग्रॅम, म्हणजे तीन किलोला थोडे कमी. जात : इल्मेनाइटयुक्त बेसाल्ट, वायूच्या बुडबुड्यांची छिद्रे असलेला. वय सुमारे ३७० कोटी वर्षे. याचा अर्थ तो लाव्हारस थिजून एकसंध तयार झालेला दगड आहे. ठिकठिकाणचे तुकडे चिकटून बनलेला नाही. श्मिट हा चंद्रावर गेलेला पहिला व्यावसायिक भूवैज्ञानिक, तो शेजारीच उभा होता. पण तो प्रसंग खडक ओळखण्याचा नव्हता. भाषणातला दगड आणि नोंदवहीतला दगड यांचा मेळ बसत नाही, एवढे टिपून ठेवू. पुढे जे घडले तेही याच जातीचे आहे : भावना एकीकडे आणि नोंद दुसरीकडे.

७००१७ चे तुकडे पाडले गेले. प्रत्येक तुकडा साधारण एक ग्रॅमचा. तो ल्युसाइटच्या गोळ्यात बंद केला, गोळा लाकडी फलकावर बसवला, खाली त्या त्या देशाचा चंद्रापर्यंत जाऊन आलेला छोटा ध्वज लावला. तुकडा चंद्रावरच्या टॉरस-लिट्रो दरीतला आहे आणि तो मानवी प्रयत्नांच्या एकतेचे प्रतीक म्हणून दिला आहे, असा मजकूर फलकावर आहे. याच्या आधी, १९७० च्या सुमारास, अपोलो ११ ने आणलेल्या मातीचे चार बारीक कण बसवलेले फलकही वाटले गेले होते. ते चारही कण मिळून भरतात जेमतेम ०.०५ ग्रॅम. दोन्ही वेळा सुमारे १३५ देशांना भेट गेली. शिवाय अमेरिकेची पन्नास राज्ये होतीच. अपोलो १७ च्या फलकांसोबत राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचे मार्च १९७३ चे पत्र होते.

देणाऱ्याच्या बाजूचे कागद इथे संपतात. संशोधनासाठी दिलेला नमुना हा नासाच्या मालकीचाच राहतो आणि कराराप्रमाणे परत करावा लागतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने अपोलोच्या नमुन्यांतील वैश्विक किरणांच्या खुणांचा अभ्यास केला तो अशाच व्यवस्थेखाली. भेटीचा तुकडा मात्र दिल्या क्षणी त्या देशाचा झाला. नासाने त्याचा पाठपुरावा केला नाही, आणि तसा करण्याचा हक्कही तिला उरला नव्हता. सरकारी भाषेत सांगायचे तर जावक नोंद झाली, पण आवक नोंद करायची की नाही हे घेणाऱ्यावर सोडले गेले.

दाव्यातला फलक होंडुरासला दिलेला होता. तो १९७३ साली राजधानी तेगुसिगाल्पाला पोचला तेव्हा तिथे जनरल ओस्वाल्दो लोपेझ आरेयानो सत्तेवर होते. डिसेंबर १९७२ मध्ये, म्हणजे सर्नन चंद्रावर बोलत होता त्याच महिन्यात, त्यांनी लष्करी उठावाने सत्ता घेतली होती. एप्रिल १९७५ मध्ये केळी निर्यात करणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या लाच प्रकरणात ती गेली. सत्तापालट झाला, फलक मात्र राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात होता. त्यानंतर निकालपत्रात एक फट दिसते. तो तिथून चोरीला गेला तो १९९० ते १९९४ या काळात केव्हातरी, असा न्यायालयाचा निष्कर्ष आहे. दिवस नाही, महिना नाही, वर्षही नाही. आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत डेडस्टॉक रजिस्टर असते आणि वर्षाकाठी खुर्च्या-कपाटांची पडताळणी होते. फलकाची तशी पडताळणी झाली असती तर ही फट एका वर्षापेक्षा मोठी राहिली नसती.

यानंतर फलक दिसतो तो एका निवृत्त लष्करी कर्नलाच्या हातात. फ्लोरिडातल्या एका व्यापाऱ्याला त्याने तो विकायला काढला. आधी मागणी दहा लाख डॉलरची होती. घासाघीस होऊन सौदा ५०,००० डॉलरवर ठरला. त्यापैकी १०,००० रोख, आणि काही रकमेपोटी एक शीतवाहक ट्रक. ३७० कोटी वर्षांच्या दगडाच्या किमतीपोटी ट्रक दिला गेल्याची दुसरी नोंद माझ्या पाहण्यात नाही. पण खरेदीदाराचा हिशोब अगदीच वेडगळ नव्हता. डिसेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीजने सोव्हिएत लुना १६ ने आणलेले तीन कण लिलावात विकले होते. वजन सुमारे ०.२ ग्रॅम, किंमत ४,४२,५०० डॉलर. ते कण सोव्हिएत सरकारने अंतराळ कार्यक्रमाचे शिल्पकार सर्गेई कोरोल्योव यांच्या पत्नीला दिलेले होते, त्यामुळे त्यांची मालकी निर्विवाद खासगी होती. व्यापाऱ्याच्या सौद्यात नेमकी हीच बाजू लंगडी होती.

१९९८ मध्ये नासाच्या महानिरीक्षक कार्यालयातील अधिकारी जोसेफ गुथाइन्झ यांनी एक सापळा रचला. उद्देश होता खोटे चंद्रदगड विकणाऱ्या भामट्यांना पकडण्याचा. ‘जॉन्स इस्टेट सेल्स’ नावाची बनावट पेढी उभी केली आणि ‘यूएसए टुडे’मध्ये चंद्रदगड हवेत अशी जाहिरात दिली. भामट्यांसाठी लावलेल्या या गळाला खरा दगड लागला. व्यापाऱ्याने फोन केला आणि पन्नास लाख डॉलर मागितले. एवढी रोकड दाखवल्याशिवाय तो माल पुढे करणार नव्हता, आणि सरकारी खात्याकडे ती नव्हती. ती पुरवली उद्योगपती एच. रॉस पेरो यांनी. नोव्हेंबर १९९८ मध्ये मायामीत दगड जप्त झाला. तपासणीत तो चंद्रावरचाच ठरला.

पुढची सव्वाचार वर्षे वाद चालला तो दगड खरा की खोटा यावर नव्हे. प्रश्न एवढाच होता : कर्नलाला तो विकण्याचा अधिकार होता का? उत्तर होंडुरासच्या कायद्यात शोधावे लागले. मायामी विद्यापीठातील लॅटिन अमेरिकी कायद्याच्या तज्ज्ञाची न्यायालयाने मदत घेतली. निष्कर्ष असा निघाला की देशाला मिळालेली भेट ही राष्ट्राची सार्वजनिक मालमत्ता होते आणि विधिमंडळाने तसा निर्णय घेतल्याशिवाय ती कुणाच्या खासगी मालकीत जाऊ शकत नाही. तसा निर्णय कधीच झाला नव्हता. मग सत्ताधीशाने दिली असो, कुणी उचलून नेली असो, विकणाऱ्याला हक्क नव्हता आणि घेणाऱ्याला तो मिळू शकत नव्हता. चोरीचा माल अमेरिकेत आणला गेला, सबब जप्ती कायम. निकालाचा हा भाग सर्वांत कोरडा आहे, आणि मला तोच सर्वांत आवडतो. चंद्र, अंतराळवीर, विश्वशांती यांतले काहीही त्यात नाही. सरकारी वस्तू सरकारची, एवढेच आहे.

बाकीच्या देशांत न्यायालयापर्यंत गेलेली प्रकरणे थोडी आहेत, हरवलेले फलक मात्र अनेक. माल्टातील म्दिना येथील निसर्गविज्ञान संग्रहालयातून मे २००४ मध्ये चोराने गोळा नेला, फलक आणि ध्वज तिथेच ठेवले. आयर्लंडचा अपोलो ११ चा फलक डब्लिनजवळच्या डन्सिंक वेधशाळेत होता. १९७७ च्या आगीनंतर राडारोड्याबरोबर तो फिंग्लसच्या कचराभूमीत गेला. सायप्रसमध्ये १९७४ चा उठाव आणि युद्ध आडवे आले. अपोलो १७ चा फलक सुपूर्द व्हायचाच राहिला आणि कित्येक वर्षांनी अमेरिकेत एका राजनैतिक अधिकाऱ्याच्या कुटुंबाकडे सापडला. खुद्द अमेरिकेत कोलोराडोचा फलक माजी गव्हर्नरच्या घरी निघाला, आर्कान्साचा बिल क्लिंटन यांच्या कागदपत्रांच्या खोक्यात. उसन्या नमुन्यांबद्दल नासाची पाठ थोपटावी तर तेही जमत नाही. तिच्याच महानिरीक्षकांच्या २०११ च्या अहवालानुसार १९७० ते २०१० या काळात ५१७ चांद्र आणि इतर अवकाशीय नमुने हरवले वा चोरीला गेले.

हॉलंडचे प्रकरण वेगळे आहे, कारण तिथे काहीच हरवले नव्हते. अॅम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात माजी पंतप्रधान विलेम ड्रेस यांच्या संग्रहातून आलेला एक ‘चंद्रदगड’ होता. ऑक्टोबर १९६९ मध्ये अपोलो ११ चे अंतराळवीर जगाच्या दौऱ्यावर असताना (त्याच महिन्यात ते मुंबईतही आले होते) अमेरिकी राजदूताने तो दिला होता. २००९ मध्ये तपासला तेव्हा ते निघाले अश्मीभूत लाकूड. सोबतचे कार्ड जपून ठेवलेले होते. त्यावर अंतराळवीरांच्या भेटीची आठवण म्हणून राजदूताच्या शुभेच्छा आहेत. हा दगड चंद्राचा आहे, असे त्यावर कुठेच लिहिलेले नाही. तारीखही जुळत नव्हती. देशांना फलक मिळाले ते त्यानंतर, आणि ड्रेस तर १९५८ पासून सत्तेवर नव्हते. दगड प्रयोगशाळेत नेण्याआधी कार्ड नीट वाचले असते तरी शंका यायला हवी होती. हॉलंडला मिळालेले खरे दोन्ही फलक लायडनच्या बुऱ्हाव्ह संग्रहालयात आहेत.

होंडुरासचा दगड निकालानंतर कायद्याने अमेरिकेच्या ताब्यात आला. म्हणजे तो पुन्हा द्यावा लागला. सप्टेंबर २००३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये नासाचे प्रमुख शॉन ओ'कीफ यांनी तो होंडुरासच्या राजदूतांकडे सोपवला. एकच तुकडा एकाच देशाला तीस वर्षांत दोनदा भेट मिळाला. २००४ मध्ये तो तेगुसिगाल्पातील चिमिनिके या मुलांच्या संग्रहालयात मांडला गेला. सर्ननने तो मुलांनाच दाखवला होता, तेव्हा जागा योग्य निवडली असे म्हणायला हवे.

गुथाइन्झ निवृत्तीनंतर शिकवू लागले आणि २००२ पासून विद्यार्थ्यांना हरवलेले फलक शोधण्याचा गृहपाठ देऊ लागले. त्यातले काही याच वाटेने सापडले. वाचकांपैकी कुणाला परदेशात वा इथे एखाद्या संग्रहालयात असा फलक दिसला, तर गोळ्याकडे पाहून झाल्यावर तिथल्या माणसाला दोन प्रश्न जरूर विचारा : याचा नोंद क्रमांक काय, आणि शेवटची पडताळणी कधी झाली?