एरेबस पर्वतावरील पोलीस

संकटसमयीं धांवून जाणाऱ्या शिपायाच्या शौर्याची नोंद इतिहास आदरानें करितो. परंतु कामगिरी संपवून तो घरीं परतल्यावर त्याच्या मनाची व कुटुंबाची काय अवस्था होते, याची नोंद क्वचितच होते. अशी नोंद ज्या थोड्या प्रसंगीं झाली, त्यांत न्यूझीलंडच्या पोलिसांची एक कामगिरी प्रमुख होय.

दि. २८ नोव्हेंबर १९७९ रोजीं ऑकलंडहून दक्षिण ध्रुवप्रदेशाचें दर्शन घडविण्यासाठीं निघालेलें एक प्रवासी विमान एरेबस या ज्वालामुखी पर्वताच्या बर्फाच्छादित उतारावर आदळलें, आणि त्यांतील २५७ माणसांपैकीं एकही वांचलें नाहीं. प्रेतें शोधून स्वदेशीं धाडण्यासाठीं पोलिसांची तुकडी गिर्यारोहकांसह पर्वतावर गेली. विमानाच्या अवशेषांशेजारींच त्यांनीं तंबू ठोकले. तेथें त्या दिवसांत सूर्य मावळतच नसे. बारा-बारा तासांच्या पाळ्या लावून काम अखंड चाले. स्कुआ नांवाचे पक्षी प्रेतांवर तुटून पडत. हातमोजे पुरेसे नव्हते. काजळी व चरबीनें माखलेले तेच मोजे घालून आरंभीं जेवावें लागे.

या परिश्रमांमुळें, आणि पुढें ऑकलंड येथें झालेल्या तपासामुळें, मृतांपैकीं सुमारें शेंकडा ८३ जणांची ओळख पटली. कितीतरी घरांना आपल्या माणसाचा अंत्यसंस्कार तरी करतां आला.

परंतु पोलिसांच्या स्वतःच्या घरीं काय झालें? टेलर व फ्रेझर या संशोधकांनीं या कार्यांतील माणसांचा अभ्यास करून तो १९८२ सालीं प्रसिद्ध केला. समोरचें प्रेत म्हणजे मेणाचा पुतळा किंवा विमानांतील माल आहे, असें मनाला पटवून कित्येकांनीं काम निभावलें होतें. ही ढाल पर्वतावर उपयोगी पडली. पण घराच्या उंबरठ्यावर ती उतरवून ठेवणें सोपें नव्हतें. कांहींचें मनःस्वास्थ्य तीन महिन्यांनंतरहि परतलें नव्हतें. जो पुरुष पाहिलेलें बोलूं शकत नाहीं, त्याच्या मौनाचा अर्थ पत्नीनें व मुलांनीं कसा लावावा? तो आपल्यावरील रागच आहे, असें त्यांना वाटणें स्वाभाविक होय.

या व्यथेला अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेनें आपल्या ग्रंथांत स्वतंत्र रोग म्हणून स्थान दिलें, तें १९८० सालीं. म्हणजे हे पोलीस परतले, तेव्हां त्यांच्या दुःखाला वैद्यकांत सर्वमान्य नांवहि नव्हतें.

न्यूझीलंड सरकारनें या कामगिरीसाठीं खास पदक निर्माण केलें तें २००६ सालीं, २७ वर्षांनीं. तें योग्यच झालें. तथापि शिपाई परतला त्याच आठवड्यांत कोणी जाणत्यानें त्याच्याशीं व त्याच्या घरच्यांशीं बोलणें, हें त्याहून निकडीचें असतें. मृतांना घरीं पोंचविणाऱ्यांना स्वतः घरीं पोंचण्यास साहाय्य करणें हा उपकार नव्हे. तें समाजावरील ऋण आहे.