तळटीप १२ : ‘कांताबेनसारखा चेहरा करून’

१२. संदर्भ ‘कल हो ना हो’ (दिग्दर्शक निखिल अडवाणी, २००३) या चित्रपटाचा. न्यूयॉर्कमध्ये रोहितच्या घरी कामाला असलेली कांताबेन (सुलभा आर्य) रोहित आणि अमनला सकाळी एकाच पलंगावर पाहते आणि हबकते. पुढेही दोघे जवळ दिसले की तिची तीच गत. तेव्हा प्रेक्षक पोट धरून हसले. आज पाहताना प्रश्न पडतो, हसायचं कुणाला? गैरसमज झालेल्या बाईला, की ज्याच्या नुसत्या शंकेने ती गार पडते त्या नात्याला? गंमत म्हणजे या प्रसंगांत समलिंगी माणूस कुणीच नाही. आहे तो फक्त संशय. ‘दोस्ताना’तही (२००८) मायामीत भाड्याने घर मिळावं म्हणून दोन पुरुष जोडपं असल्याचं सोंग घेतात. तिथे निदान आई (किरण खेर) रडारड आटोपून आशीर्वाद देते, आणि माझ्या मते अख्ख्या चित्रपटात तेवढा एकच प्रसंग सोंगाच्या पलीकडे जातो. दोन्ही चित्रपट आले तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पूर्ण लागू होतं. सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना सर्वोच्च न्यायालयाने त्यातून वगळलं ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. त्याआधी १९९८मध्ये दोन स्त्रियांच्या प्रेमावरचा ‘फायर’ लावणाऱ्या मुंबईतल्या थिएटरात तोडफोड झाली होती. तो गंभीर चित्रपट होता. कांताबेन मात्र सहकुटुंब पाहिली गेली. लेखिकेने ही उपमा सहज, कौतुकानेच वापरली आहे. या आवृत्तीत ती बदललेली नाही.