लगद्याच्या कागदावरची समांतर जगे

‘पल्प’ म्हणजे लाकडाचा लगदा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत या लगद्याच्या स्वस्त, खरबरीत कागदावर जी मासिके छापली जात, त्यांना त्या कागदाचेच नाव पडले. एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅकने ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढले, किंमत २५ सेंट. जानेवारी १९३० मध्ये ‘अस्टाउंडिंग’ आले. लेखकाला शब्दामागे एखादा सेंट मिळे. हे लेखन टिकावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती आणि तो कागदही टिकणारा नव्हता. यातले बरेचसे लेखन आपल्यापर्यंत आले ते पुढच्या काळात निघालेल्या संग्रहांमुळे. वडिलांच्या दुकानात विकायला येणारी मासिके वाचून मोठा झालेल्या आयझॅक आसिमोव्हने १९७४ मध्ये ‘बिफोर द गोल्डन एज’ हा जाडजूड संग्रह केला. एच. बीम पायपरच्या ‘पॅराटाइम’ मालिकेतल्या कथा १९८१ मध्ये पुस्तकरूपाने एकत्र आल्या.

असे संग्रह जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवर मिळतील तसे मी गोळा करत गेलो. सलग वाचताना जे लक्षात येते, ते महिन्याला एक अंक वाचणाऱ्या त्या वेळच्या वाचकाला दिसणे अवघड होते. समांतर जगाच्या या कथांत विज्ञान नावापुरतेच आहे. खरा प्रश्न असतो तो दुसरे जग सापडले तर माणूस त्याचे काय करील, हा.

जून १९३४ च्या ‘अस्टाउंडिंग’मधली मरे लीन्स्टरची ‘साइडवाइज इन टाइम’ ही कथा घ्या. लीन्स्टर हे टोपणनाव. लेखकाचे खरे नाव विल्यम फिट्झजेराल्ड जेन्किन्स. काळ फक्त मागे-पुढे नाही, बाजूलाही पसरलेला आहे, ही तिची कल्पना. पृथ्वीचे तुकडे एकाएकी शेजारच्या इतिहासांशी अदलाबदल होतात. अमेरिकेच्या मधोमध रोमन सैन्य उभे राहते, सॅन फ्रान्सिस्कोवर झारचा रशियन झेंडा दिसतो. या गोंधळाचे गणित आधीच मांडून बसलेला एक माणूस आहे. मिनॉट नावाचा, लहानशा कॉलेजातला गणिताचा शिक्षक. तो हे गणित कोणाला सांगत नाही. आपल्या ज्ञानाच्या बळावर राजा होता येईल असे जग गाठायचे, म्हणून काही विद्यार्थ्यांना फसवून सोबत नेतो. कथेची भाषा साधी, कधी बटबटीतसुद्धा. पण मिनॉट हे पात्र मला खरे वाटते. आपली किंमत इथे कोणाला कळली नाही, दुसरीकडे कळली असती, हा सल बाळगणारी माणसे कोणत्या कॉलेजात नसतात? पर्यायी इतिहासाच्या लेखनासाठी १९९५ मध्ये सुरू झालेल्या पुरस्काराला याच कथेवरून ‘साइडवाइज’ हे नाव दिले आहे.

जॅक विल्यमसनने १९३८ मध्ये वेगळी वाट धरली. ‘द लीजन ऑफ टाइम’मध्ये दोन भविष्ये अस्तित्वासाठी झगडतात, आणि कोणते खरे ठरणार हे एका मुलाच्या हाती आहे. माळावर तो जुने लोहचुंबक उचलतो की खडा, यावर सगळे अवलंबून. राजे, सेनापती आणि लढाया सोडून इतिहासाचा सांधा एका पोराच्या मुठीत ठेवणे, हे त्या वेळी नवे होते. बाकीची कादंबरी मात्र मारामारीची आहे.

१९५७ मध्ये ह्यू एव्हरेटने पुंजयामिकीचा जो अर्थ मांडला, त्याला पुढे ‘अनेक विश्वे’ हे नाव मिळाले. त्यावरून ‘पल्पने हे आधीच सांगितले होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. एव्हरेटच्या सिद्धांतात एका शाखेतून दुसरीत जायला दार नाही. पल्पमध्ये दार नसेल तर कथाच नाही.

या सर्वांत मला सर्वांत विचार करायला लावतो तो पायपर. जन्म १९०४ चा, उच्च शिक्षण नाही, पेनसिल्व्हेनियातल्या ऑल्टूना गावी रेल्वेची नोकरी. वाचन सगळे स्वतःचे स्वतः. एप्रिल १९४८ च्या ‘ही वॉक्ड अराउंड द हॉर्सेस’चा आधार खरी घटना आहे. बेंजामिन बॅथर्स्ट हा ब्रिटिश वकील २५ नोव्हेंबर १८०९ रोजी पर्लबर्ग येथे घोडागाडीजवळून नाहीसा झाला. पायपर त्याला अशा जगात नेऊन सोडतो, जिथे अमेरिकेचे बंड फसले आणि फ्रेंच राज्यक्रांती झालीच नाही. तो नेपोलियनविषयी बोलतो आणि अधिकारी त्याला वेडा ठरवतात. कथा सरकारी पत्रांतून सांगितली आहे. शेवटचे पत्र आर्थर वेलस्ली लिहितो. बॅथर्स्टच्या कागदांतला हा वेलिंग्टन कोण, ते त्याला काही केल्या उमगत नाही.

‘पॅराटाइम’ची बैठक त्याहून कठोर आहे. एका जगाने स्वतःची साधनसंपत्ती संपवली आणि आता ते बाकीच्या जगांवर गुपचूप जगते. त्याचे पोलीस आधी सांभाळतात ते हे गुपित. १९५१ च्या ‘टेंपल ट्रबल’मध्ये तर युरेनियमच्या खाणीवर पांघरूण म्हणून खाण कंपनीने एक देवच उभा केला आहे, पुजारी कंपनीचे नोकर. पायपरची सहानुभूती मुख्यतः पोलिसांकडे आहे, हे लपत नाही. पण ज्या मुलखात व्यापारी कंपनीने वखारीपासून दिवाणीपर्यंत मजल मारली, तिथला वाचक ही कथा नुसती गंमत म्हणून वाचू शकत नाही.

मराठीत हे दार उघडले जयंत नारळीकरांनी. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये १४ जानेवारी १७६१ ची गोळी विश्वासरावांना चाटून जाते आणि मराठे जिंकतात. आपल्याकडे पानिपताचे जर-तर घरोघरी चालते, आणि ते बहुधा ‘मग इंग्रज आलेच नसते’ इथे थांबते. नारळीकर तिथे थांबत नाहीत. त्यांच्या त्या जगात मुंबईत कंपनी आहेच, फक्त कराराने. गंगाधरपंत आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची बघून व्यासपीठावर चढतात, तर श्रोते त्यांच्यावर टोमॅटो-अंडी फेकतात. अध्यक्षीय भाषणे त्या लोकांनी केव्हाच मोडीत काढलेली असतात. बॅथर्स्टसारखेच पंतही परक्या इतिहासात जाऊन पडलेले. पण बॅथर्स्ट तुरुंगातून पळताना मारला जातो; पंत परत येतात आणि त्यांच्याकडे तिथल्या बखरीचे एक फाटके पान उरते. ते इथल्या प्रतीशी ताडून पाहिले, तर फरक विश्वासरावांना गोळी लागली की नाही, एवढ्याच मजकुराचा निघतो.