वर्षाचं भाडं एक गुल्डन



जर्मनीच्या दक्षिण भागात व्युर्झबुर्गपासून आल्प्सच्या पायथ्याच्या फ्युसेनपर्यंत चारशेहून अधिक किलोमीटरचा एक रस्ता आहे. त्याला 'रोमँटिक रस्ता' म्हणतात. नावावर जाऊ नका. युद्ध संपून पाचच वर्षं झाली होती, देशाची पत गेलेली, आणि परक्या लोकांनी पुन्हा आपल्याकडे यावं म्हणून 1950 साली जुन्या तटबंदीच्या गावांची एक माळ ओवून तिला हे गोड नाव दिलं. आम्ही दोघांनी जूनमध्ये तंबू आणि गॅसची शेगडी भाड्याच्या गाडीत टाकून हा रस्ता केला. चातुर्मास लागायच्या आत परत यायचं होतं.

स्वयंपाकाचं बऱ्याच जणी विचारतात, म्हणून आधी तेच सांगते. भाजणी, मेतकूट, मूगडाळ आणि तांदूळ इथूनच नेले होते. पाण्याचं गाळणंही बरोबर होतं. बटाटा त्या देशात चुकवणं अवघड, पण स्वतःची शेगडी असली की कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. जूनमध्ये तिथे सूर्य मावळतो सव्वानऊच्या सुमारास, त्यामुळे सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची घाई इथल्यासारखी नाही. तंबूच्या बऱ्याच तळांवर दुपारी एक ते तीन फाटक बंद असतं. त्या वेळात गाडी आत-बाहेर नाही, आवाज नाही. आपल्याकडच्या वामकुक्षीला तिथे नियमाचं बळ आहे एवढंच.

व्युर्झबुर्गला एकच दिवस होतो. 16 मार्च 1945 च्या रात्री जेमतेम वीस मिनिटांच्या बॉम्बफेकीत हे शहर जळालं. बिशपच्या राजवाड्याचं छप्पर गेलं, पण बाल्थाझार नॉयमान या वास्तुकाराने बांधलेली जिन्यावरची कमान तगली, आणि तिच्यावरचं तिएपोलोचं भलंमोठं चित्र वाचलं. चित्रात चार खंड आहेत, त्यांतला एक आशिया. आशिया हत्तीवर बसलेली बाई आहे. हत्तीची सोंड पाहून आम्हाला हसू आलं, चित्रकाराने हत्ती कधी नीट पाहिला नसावा.

रोथेनबुर्ग सगळ्यांनी फोटोत पाहिलेलं असतं. तेही 1945 च्या मार्चअखेर बॉम्बने बरंच पडलं होतं. तटबंदी पुन्हा बांधताना जगभरच्या लोकांनी पैसे दिले, आणि त्यांची नावं भिंतीतल्या दगडांवर आहेत. मंदिराच्या फरशीवर देणगीदारांची नावं वाचायची आपल्याला सवय आहेच, तशीच मी ती वाचत चालले. पण या गावातली मनात राहिलेली गोष्ट त्याहून जुनी आहे. तेराव्या शतकात इथे मेइर नावाचे ज्यू धर्मगुरू शिकवत असत. ज्यूंवरचे कर आणि जाच वाढला तेव्हा ते कुटुंबासह देश सोडून निघाले. 1286 साली राजाच्या माणसांनी त्यांना पकडलं आणि मोठी खंडणी मागितली. समाज पैसे द्यायला तयार होता. मेइर यांनीच नको म्हटलं. एकदा पैसे मिळाले तर राजे प्रत्येक गुरूला असंच धरतील, असं त्यांचं म्हणणं. 1293 साली ते कैदेतच वारले. देहसुद्धा चौदा वर्षं दिला नाही. शेवटी एका श्रीमंत ज्यू गृहस्थाने पैसे भरून तो सोडवला, आणि वोर्म्सला त्यांचं दफन केलं. त्या गृहस्थाने बदल्यात एवढंच मागितलं की मरणानंतर मला त्यांच्या शेजारी जागा द्या. दोघांच्या कबरी आजही शेजारी आहेत.

दिंकेल्सब्यूलला तळ्याकाठी दोन रात्री तंबू लावला, तिथून न्यॉर्डलिंगेन तासाभराच्या आत. हे गाव एका उल्केच्या खड्ड्यात वसलेलं आहे. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी उल्का पडली आणि वीस-पंचवीस किलोमीटर रुंदीचा खड्डा झाला. आधी लोक त्याला ज्वालामुखी समजत, 1960 साली दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी दगड तपासून खरं काय ते सांगितलं. चंद्रावर जाणारे अंतराळवीरही दगड ओळखायला शिकण्यासाठी इथे आले होते. यांना त्यात फार रस, दगड हातात घेऊन उभे राहिले. मी मात्र चौकातल्या एका कारंज्यापाशी थांबले. ते मारिया होल या बाईच्या नावाचं आहे.

1589 नंतरच्या काही वर्षांत या लहानशा गावात चेटूक केल्याच्या आरोपावरून 35 जणांना मारलं. एक पुरुष, बाकी बायका. रीत अशी की एकीला धरायचं, छळ करून कबूल करवायचं आणि तुझ्याबरोबर आणखी कोण होतं ते विचारायचं. छळ थांबावा म्हणून ती बिचारी शेजारणीचं नाव घ्यायची. मग शेजारीण. रेबेका लेम्प ही नगरपालिकेच्या खजिनदाराची बायको, सहा मुलांची आई. 1590 मध्ये नवरा कामासाठी बाहेरगावी असताना तिला नेलं. तुरुंगातून तिने त्याला लिहिलेली पत्रं आजही आहेत. पहिल्या पत्रात ती त्याला धीर देते, मी निर्दोष आहे, काळजी करू नकोस म्हणते. नंतरच्या पत्रात छळ सहन न होऊन ती काहीतरी पाठव म्हणते, ज्याने मरण येईल. मुलांनी आईला लिहिलेलं पत्रही शिल्लक आहे. नवऱ्याने पालिकेला अर्ज केला की माझी बायको देवभीरू आणि सरळ आहे, मी तिला इतकी वर्षं ओळखतो. उपयोग झाला नाही. सप्टेंबरमध्ये तिला जाळलं.

मारिया होल खाणावळ चालवायची. 1593 मध्ये तिला धरलं. तिचा 62 वेळा छळ केला, तरी तिने काही कबूल केलं नाही आणि कुणा दुसरीचं नाव घेतलं नाही. तिच्या माहेरच्या, उल्म शहरातल्या लोकांनी तिच्यासाठी रदबदली केली. जवळजवळ 11 महिन्यांनी तिला सोडलं, पण सोडतानाही सूड घेणार नाही असं लिहून घेतलं. अन्याय त्यांनी करायचा आणि हमी हिने द्यायची! तिच्यानंतर गावाचं मनच फिरलं आणि हा प्रकार ओसरत गेला. ती पुढे 40 वर्षं जगली. त्या कारंज्यापाशी आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

ऑग्सबर्गला मात्र आमचं बोलणं संपेना, कारण तिथे आहे फुगराय. 1367 साली हान्स फुगर नावाचा विणकर खेड्यातून या शहरात आला. त्याचा नातू याकोब फुगर व्हेनिसला हिशेब शिकला, चांदी-तांब्याच्या खाणींवर पैसे लावले आणि युरोपातला सर्वांत श्रीमंत माणूस झाला. 1519 मध्ये पाचवा चार्ल्स सम्राट निवडून यावा म्हणून मतदार राजांना जे साडेआठ लाख गुल्डन वाटले, त्यातले पाच लाखांवर याचे. आपल्याशीही त्याचा संबंध आला आहे. 1505 साली अल्मेडाचं पोर्तुगीज आरमार मलबारला आलं, त्यात मिरीच्या आशेने फुगरांचेही पैसे होते.

या माणसाने 1521 साली शहरातल्या गरीब, कष्टकरी लोकांसाठी वस्ती बांधून दिली. पिवळ्या भिंती, प्रत्येक घराला रस्त्यावरून स्वतंत्र दार. खालच्याला छोटी बाग, वरच्याला माळा. वर्षाचं भाडं एक गुल्डन. आजही तेवढंच आहे, म्हणजे 88 सेंट, आपले शंभर रुपये धरा. शिवाय फुगर घराण्यासाठी रोज तीन प्रार्थना. राहणारा ऑग्सबर्गचा, कॅथलिक आणि गरजू असावा लागतो. मोझार्टचे पणजोबा गवंडी होते, तेही अखेरच्या काळात इथेच राहिले. दाराच्या घंटांच्या मुठी वेगवेगळ्या आकाराच्या, दिवे नसलेल्या गल्लीत हाताने चाचपून आपलं दार ओळखता यावं म्हणून.

फुगरच्या हिशेबवहीत संत उलरिखच्या नावाने एक खातं होतं, त्यातून दान निघायचं. हे वाचलं आणि मला माहेरच्या पेढीवरची लाल वही आठवली, तिच्यातलं धर्मादाय खातं. मी भारावून बोलायला लागले तेव्हा हे म्हणाले, "पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकून जमवलेला पैसा रोमला कुणाच्या पेढीतून गेला, विचार." गेला तो याच फुगरांच्या. त्याच चिठ्ठ्यांवर 1517 साली मार्टिन लूथर उठला. शेतकऱ्यांचं बंड झालं तेव्हा ते मोडणाऱ्यांना पैसेही यानेच पुरवले. हे म्हणाले, असल्या पैशाचं दान कसलं? मी म्हटलं, परिग्रहाला मर्यादा घालायचं त्याला कुणी शिकवलं नसेल, पण आत राहणाऱ्या म्हातारीच्या डोक्यावर पाचशे वर्षं छप्पर आहे, ते तर खरं? यांनी उत्तर दिलं नाही, आणि माझंही स्वतःच्या उत्तराने समाधान झालं नव्हतं.

फेब्रुवारी 1944 च्या बॉम्बफेकीत वस्तीचा मोठा भाग पडला. राहणारे तळघरातल्या निवाऱ्यात होते, म्हणून वाचले. फुगर कुटुंबाने काही दिवसांतच पुन्हा बांधायचं ठरवलं आणि घरं पूर्वीसारखीच उभी केली. आज खर्च मुख्यतः संस्थेच्या जंगलांच्या उत्पन्नातून चालतो.

फाटकं रात्री दहाला बंद होतात, एकच दार राहतं, तिथे पहारेकरी. उशिरा येणाऱ्याने त्याला मध्यरात्रीपर्यंत 50 सेंट द्यायचे, त्यानंतर एक युरो. म्हणजे बारा वाजून गेल्यावर घरी आलं, तर वर्षाच्या भाड्यापेक्षा जास्त पैसे त्या एका रात्रीत जातात.