कुइतोच्या पायवाटेवर

नोव्हेंबर १९९४ संपत आलाय. तुम्ही अंगोलातल्या कुइतोत उभे आहात. पठारावरचं गाव, पावसाचे दिवस. मुख्य रस्त्याच्या एका बाजूला सरकारी फौज होती, दुसऱ्या बाजूला युनिटाचे बंडखोर. गेल्या वर्षी नऊ महिने आघाडी याच रस्त्यावर होती. भिंतींची चाळण झाली आहे. २० तारखेला लुसाकात तहावर सह्या झाल्या, म्हणून तोफा शांत आहेत.

डांबर सोडताना जपून. पुढे चाललेली बाई जिथे पाऊल ठेवते तिथेच तुमचंही ठेवा. रंगीत कापडाने पाठीशी मूल बांधून ती कसाव्याचे कंद उकरायला निघाली आहे. शेतात सुरुंग आहेत हे तिला पक्कं ठाऊक आहे. घरात मूठभर मका नाही, हेही. गेल्या वर्षीच्या वेढ्यात लोक रात्री-अपरात्री असेच अन्नासाठी सुरुंगांतून जात. तिला बेपर्वा म्हणण्याआधी तिची थंड चूल बघावी.

पावसाने माती वाहून गेली आहे, तिथे खाली बघा. हात लावू नका. तळहातात मावेल अशी चकती, वर काळं रबरी झाकण. सोव्हिएत बनावटीचा पीएमएन. आत २४० ग्रॅम टीएनटी. लहान पोराचं वजनही त्याला पुरतं. सैनिकाचा बूट आणि पोरीचा अनवाणी पाय, त्याला दोन्ही सारखेच. स्फोटासरशी माती, गवत, चपलेचे तुकडे, हाडांच्या कपच्या मांसात वरपर्यंत घुसतात. म्हणून पाऊल गेलं तरी डॉक्टरांना पाय बराच वरून कापावा लागतो.

आता जानेवारी १९९७, अंगोलातलंच हुआंबो. राजकुमारी डायना चिलखत घालून सुरुंगांच्या शेतातून चालतेय, जगाचे कॅमेरे तिच्यावर. त्याचा उपयोग झालाच. पण तुम्ही रेड क्रॉसच्या कृत्रिम पायांच्या कार्यशाळेत या. प्लास्टिकचा पत्रा तापवून साच्यावर ओढला जातोय. बाकावर पाय कापलेला मुलगा बसलाय. तो वाढतोय, त्याचं हाडही वाढतंय. दर सहा महिन्यांनी पाय नवा हवा, कधी हाड कातडीला टोचू लागतं आणि पुन्हा शस्त्रक्रिया. पाय बसवला की काम संपलं, असं इथे कुणाच्याच बाबतीत होत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात ओटावात सुरुंगबंदीच्या करारावर सह्या झाल्या, अंगोलाचीही. तरी १९९८ मध्ये युद्ध पुन्हा भडकलं आणि नवे सुरुंग पेरले गेले. बंदुका कायमच्या थांबल्या एप्रिल २००२ मध्ये. डायना जिथून चालली, तिथे २०१९ मध्ये तिचा मुलगा हॅरी आला तेव्हा वस्ती आणि वाहता रस्ता होता. बाकी देशात माणसं आजही गुडघ्यांवर बसून जमीन वीत-वीत तपासत आहेत.

परत येताना एक गोष्ट विसरू नका. ओटावा करारावर भारताची सही नाही. २००१-०२ मध्ये आपल्याच पश्चिम सीमेवरच्या शेतांत सुरुंग पेरले होते, आणि त्यात आपले जवान व शेतकरी बळी पडले, अपंग झाले. सीमेची काळजी खरी आहे, पण शेतात पेरलेला सुरुंग शत्रू ओळखत नाही. आपल्या खासदाराला पत्र लिहा आणि विचारा, ही सही कधी होणार?