शाळेची शिडी, जिल्ह्याची शिडी: मुलींच्या खो-खोमधल्या निवडीचा इतिहास

माझ्याकडे एक जुनं प्रमाणपत्र आहे. खो-खो, सतरा वर्षांखालील मुली, तालुकास्तर, उपविजेता. घाटनांदूरहून आम्ही बारा जणी जीपमध्ये कोंबून अंबाजोगाईला गेलो होतो आणि अंतिम सामना एका गुणाने हरलो होतो. आमच्यात एक मुलगी अशी पळायची की समोरचा संघ तिला बाद करता करता घामाघूम व्हायचा. त्या दिवशी ती तीन मिनिटांच्या वर पळाली. जिंकलेल्या संघातली एकही मुलगी तेवढी पळाली नव्हती. तरी जिंकलेला संघ जिल्ह्याला गेला आणि आमची मैत्रीण आमच्यासोबत जीपमध्ये बसून परत आली. सर एवढंच म्हणाले, "संघ हरला की सगळेच हरले, पोरी."

हे वाक्य मला बरीच वर्षं खरं वाटत होतं. संशोधनाला लागल्यावर कळलं की हा खेळाचा नियम नाही, तो स्पर्धेच्या रचनेचा नियम आहे. आणि रचना कुणीतरी, कधीतरी, काहीतरी डोक्यात ठेवून केलेली असते. म्हणजे तिला इतिहास असतो.

तो थोडक्यात मांडते. महाराष्ट्रात खो-खो खेळणाऱ्या मुलीसमोर दोन शिड्या असतात. पहिली शाळेची. 14, 17 आणि 19 वर्षांखालील गट; जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय स्पर्धा भरवतं; शाळेचा संघ तालुका जिंकला तर जिल्हा, जिल्हा जिंकला तर विभाग, विभाग जिंकला तर राज्य. दुसरी शिडी संघटनेची. गावातला क्लब किंवा क्रीडा मंडळ जिल्हा संघटनेला जोडलेलं असतं, जिल्हा संघटना महाराष्ट्र खो-खो असोसिएशनला आणि ती राष्ट्रीय महासंघाला. इथे गट वेगळे: 14 खालील किशोरी, 18 खालील मुली, मग खुला महिला गट.

वयाचे आकडे वेगळे आहेत हे सगळ्यांना दिसतं. खरा फरक दुसराच आहे. शाळेच्या शिडीवर राज्यापर्यंत संघ चढतो. संघटनेच्या शिडीवर सुरुवातीपासून खेळाडू चढते. निवड चाचणी होते, जिल्ह्यातल्या सगळ्या क्लबांतून मुली निवडल्या जातात आणि तो जिल्ह्याचा संघ थेट राज्य स्पर्धेला जातो. कमकुवत शाळेतली चांगली पळणारी मुलगी पहिल्या शिडीवर तालुक्यातच अडकते. दुसरीवर ती निदान कागदावर तरी राज्यापर्यंत पोहोचू शकते. "कागदावर तरी" म्हणण्याचं कारण असं की संघ हरला की निदान गुणफलक दिसतो. निवड समितीने आपल्याला का वगळलं, हे मात्र मुलीला कुणी सांगत नाही.

आता या शिड्या आल्या कुठून? खो-खोचे नियम पुण्यात डेक्कन जिमखान्याने 1914 च्या सुमारास बांधले, आणि अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने 1935 मध्ये नियमांचं पुस्तक काढलं. तेव्हा घाटनांदूर निजामाच्या राज्यात होतं. अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद होतं. गावातून जाणारा रेल्वेमार्ग आजही सांगतो की तोंड कुठे होतं: परळीहून लातूर रोड, तिथून विकाराबाद आणि पुढे हैदराबाद. (गंमत बघा, त्याच हैदराबादच्या सिटी पोलीस संघाने सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली 1950 ते 1954 सलग पाच वेळा मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. फुटबॉलची एवढी मोठी परंपरा रेल्वेच्या एका टोकाला, आणि आमच्या टोकाला दोन खांब रोवून खो-खो. का? याचं उत्तर मला वेगळ्या लेखात शोधावं लागेल.)

दोन्ही शिड्या जवळजवळ जुळ्या आहेत. शालेय खेळांचा राष्ट्रीय महासंघ 1954 चा, खो-खोचा राष्ट्रीय महासंघ त्याच दशकाच्या मध्यातला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1959-60 मध्ये विजयवाड्याला झाली, आणि महिलांची पुढच्याच मोसमात कोल्हापूरला. हा एका वर्षाचा फरक लक्षात ठेवा, कारण तो फार लहान आहे. इंग्लंडमध्ये फुटबॉल संघटनेने 1921 मध्ये आपल्या सदस्य क्लबांची मैदानं बायकांना बंद केली आणि ती बंदी तब्बल पन्नास वर्षं टिकली. आपल्याकडे महिला फुटबॉलसाठी 1975 मध्ये वेगळा महासंघ काढावा लागला, मुख्य महासंघाने तो खेळ आपल्याकडे घेतला तो नव्वदच्या दशकात, आणि राष्ट्रीय महिला लीग 2016-17 ला सुरू झाली. त्या पहिल्या मोसमात महाराष्ट्रातून एफसी पुणे सिटी खेळला. या तुलनेत खो-खोने मुलींना दार लवकर उघडलं. 1971 मध्ये अचला देवरे यांना अर्जुन पुरस्कारही मिळाला होता.

म्हणून "मुलींना संधीच नव्हती" हे वाक्य आपल्या प्रबंधात लिहिण्याआधी दोनदा विचार करा. संधी होती. प्रश्न हा आहे की ती कोणत्या महिन्यात होती, कोणत्या वयात होती आणि कोणत्या गावात होती.

महिन्यापासून सुरू करू. शाळेच्या तालुका स्पर्धा साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होतात, मग जिल्हा, मग विभाग, आणि राज्य स्पर्धेपर्यंत दिवाळी उलटून जाते. संघटनेच्या निवड चाचण्या आणि राज्य स्पर्धाही बहुतेक पावसाळा संपल्यावरच. आता यावर बीड जिल्ह्याचं दुसरं वेळापत्रक ठेवा. दसरा-दिवाळीच्या आसपास मुकादमाची गाडी येते, उचल घेतलेले कोयते पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. मागे राहिलेली मुलगी आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात. बरोबर गेलेली मुलगी फडावर, धाकट्या भावंडांना सांभाळत. म्हणजे शिडीच्या खालच्या पायऱ्या ती गावात असताना येतात आणि वरच्या पायऱ्या ती गावात नसताना. आमच्या वर्गात जिल्ह्यापर्यंत खेळलेल्या आणि पुढे "आजारी" म्हणून नोंद झालेल्या मुली होत्या. त्या आजारी नव्हत्या.

मग वय. सतरा, अठरा, एकोणीस हे आकडे कार्यालयात बसून पाहिले तर नुसते गट आहेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या 40 टक्क्यांहून अधिक स्त्रियांचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेलं आढळलं. या आकड्याशेजारी ठेवलं की 18 खालील गट हा कित्येक मुलींसाठी शेवटचाच गट ठरतो. दहावीनंतर कॉलेज सुटलं तर शाळेची शिडी त्याच दिवशी संपते. उरते फक्त क्लबची, आणि गावात क्लब नसेल तर तीही नाही.

इथे अमेरिकेचं एक उदाहरण उपयोगी पडतं, कारण तिथल्या मुलींच्या फुटबॉलमध्ये हाच "शाळा की क्लब" वाद उघडपणे झाला. 1972 च्या टायटल नाइन कायद्यानंतर तिथे शाळा-कॉलेजांत मुलींचा खेळ वाढला. 2009 मध्ये क्लबांनी मिळून एलिट क्लब्स नॅशनल लीग काढली. 2017 मध्ये राष्ट्रीय महासंघाने तिच्यासमोर स्वतःची गर्ल्स डेव्हलपमेंट अकॅडमी उभी केली, आणि तिचा नियम असा की इथे खेळायचं तर शाळेच्या संघातून खेळायचं नाही. पालक, क्लब, प्रशिक्षक यांच्यात फूट पडली. कोणती लीग जास्त स्पर्धात्मक यावर रात्र-रात्र चर्चा झाल्या. 2020 च्या एप्रिलमध्ये करोनाच्या काळात महासंघाने अकॅडमी बंदच केली.

वरवर पाहता आपली स्थिती बरी. दोन्ही शिड्यांवर एकाच वेळी चढायला कुणी मनाई करत नाही. पण तिथे निवडीचा निकष होता खेळाचा दर्जा, आणि कॉलेजचे प्रशिक्षक कुठे बघायला येतात. आपल्याकडे निकष आहे कागद. राज्य सरकारने 2005 मध्ये खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत 5 टक्के समांतर आरक्षण ठेवलं. दहावी-बारावीला सवलतीचे गुणही मिळतात. त्यासाठी कोणत्या स्पर्धेचं प्रमाणपत्र चालतं, किती क्रमांकापर्यंत चालतं, भरवणारी संघटना मान्यताप्राप्त आहे का, या प्रश्नांची उत्तरं घाटनांदूरच्या पालकांना खेळाच्या नियमांपेक्षा जास्त पाठ असतात. यात मला हसण्यासारखं काही दिसत नाही. ज्या घरात पोलीस भरतीची एक जागा पुढच्या पिढीचं आयुष्य बदलते, तिथे "मुलीने आनंदासाठी खेळावं" असा सल्ला द्यायला पोट भरलेलं असावं लागतं. फक्त आपण संशोधक म्हणून हे ओळखलं पाहिजे की इथे पालक स्पर्धा निवडतात तेव्हा चुरस किती हे बघत नाहीत; शिक्का कोणाचा हे बघतात.

तिसरी गोष्ट गाव. सारिका काळे धाराशिवची. 2016 च्या गुवाहाटीतल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार, 2020 चा अर्जुन पुरस्कार. प्रियांका इंगळे मूळची आमच्या शेजारच्या केज तालुक्यातल्या कळंबअंबाची. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात तिच्या नेतृत्वाखाली भारताने नेपाळला 78-40 असं हरवलं. वर्तमानपत्रांनी दोघींना "मराठवाड्याच्या लेकी" म्हटलं. पण दोघींचे रस्ते निराळे आहेत. धाराशिवमध्ये जिल्हा संघटना आणि रोजचा सराव इतका पक्का होता की मुलगी घरी राहून भारताच्या संघात पोहोचली. प्रियांका मात्र खेळाडू म्हणून घडली ती पुण्यात. घाटनांदूरहून धाराशिव काही परदेश नाही. पण जिल्ह्याची हद्द मध्ये आहे आणि संघटनेच्या शिडीची पहिली पायरी जिल्ह्याच्या हद्दीवर बेतलेली आहे. महाराष्ट्र राष्ट्रीय स्पर्धांत वर्षानुवर्षं पुढे असल्यामुळे अवघड चुरस राज्याच्या आतच असते. पुणे, ठाणे, सांगली, धाराशिवच्या मुलींना मागे टाकून राज्य संघात जागा मिळवणं हे कित्येकदा राष्ट्रीय पदकापेक्षा कठीण. मग चांगल्या मुलीपुढे "कोणती लीग" हा प्रश्न येतो तो असा: कोणत्या शाळेत नाव घालायचं, कोणत्या नातेवाइकाकडे राहायचं.

व्यावसायिक लीगबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. अल्टिमेट खो-खो 2022 मध्ये पुण्यात सहा संघांनी सुरू झाली, ती पुरुषांची. कबड्डीत 2016 मध्ये तीन संघांची महिला लीग झाली, अंतिम सामना 24-23 असा एका गुणाने सुटला, आणि पुढच्या वर्षी ती परत आली नाही. मुलींच्या शिडीला वरचं टोक म्हणजे नोकरीचा कागद, हे त्यामुळेच आणखी पक्कं होतं.

आता पद्धतीविषयी, कारण तुमच्यातले काही जण लवकरच विषय ठरवणार आहात. क्रीडा इतिहासाची आपली बहुतेक साधनं विजेत्यांची असतात: पुरस्कारांच्या याद्या, सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, पेपरातल्या निकालाच्या चौकटी. त्यावरून लिहिलेल्या इतिहासात घाटनांदूर येणारच नाही. पण खो-खोमध्ये एक वेगळं साधन आहे, सामन्याचं गुणपत्रक. त्यात प्रत्येक पळणारी किती मिनिटं, किती सेकंद टिकली हे लिहिलेलं असतं, आणि हरलेल्या संघाचंही तेवढ्याच काळजीने लिहिलेलं असतं. पाच-दहा वर्षांची तालुक्याची गुणपत्रकं मिळाली तर हरलेल्या संघात सगळ्यांत जास्त पळालेल्या मुली नावासकट समोर येतील. मग ती नावं त्याच वर्षीच्या जिल्हा निवडीच्या यादीशी ताडून बघायची. दुसऱ्या शिडीने पहिलीवर अडकलेल्या किती मुली उचलल्या, हे अंदाजाने सांगायची गरज उरणार नाही. शाळेच्या हजेरीपटावरून त्यातल्या कोण नोव्हेंबरनंतर गैरहजर होत्या तेही कळेल. (नावं प्रबंधात छापू नका. त्यातल्या बहुतेक जणी आज संसारात आहेत, त्यांना विचारल्याशिवाय त्यांची गोष्ट आपली होत नाही.)

आमच्या त्या सामन्याचं गुणपत्रक मी शोधायला गेले. ज्या कपाटात ते असायला हवं होतं तिथे त्या वर्षाचा गठ्ठा नव्हता. रद्दीत गेला असावा असं शिपाईमामा म्हणाले. मग मैत्रिणीला फोन केला. आधी ती हसली, म्हणाली, एवढ्या वर्षांनी कशाला? मग जरा थांबून तिने न विचारता आकडा सांगितला. तीन मिनिटं दहा सेकंद.

मी तो वहीत लिहून घेतलाय, बाजूला "मौखिक, पडताळणी बाकी" असं लिहून.